इलेक्ट्रिक कुकर तापत नाही? खोलायच्या आधी हे बघा

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे पहिला इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आला आणि पाचव्या महिन्यात त्याने वरण शिजवणं सोडलं. दिवे लागायचे, आत पाणी खदखदल्याचा आवाज यायचा, पण तासाभराने झाकण काढलं तर पाणी निम्मं आणि तूरडाळ दाताखाली कचकन मोडणारी. मी तो कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात टाकला. तिथे सव्वा महिना पडून राहिला. दर आठवड्याला एकच उत्तर, "कॉइल कमजोर झालीय ताई, मागवलीय." मग एका रविवारी सिंकची जाळी खरवडताना करंगळीच्या नखाएवढी सिलिकॉनची टोपी हाताला लागली. झाकणातल्या फ्लोट व्हॉल्व्हची, म्हणजे दाब भरला की वर येणाऱ्या छोट्या पिनेची टोपी ती, भांडी घासताना निसटलेली. कुकर परत आणला, टोपी बसवली, वरण शिजलं.

कॉइल, म्हणजे कुकर तापवणारी तार, कमजोर वगैरे होत नसते, हेही तेव्हाच कळलं. ती चालते किंवा तुटते. अर्धवट तापणाऱ्या कुकरात खोट बहुतेक वेळा दुसरीकडे असते, आणि ती शोधायचा सरळ मार्ग म्हणजे भिंतीवरच्या बटणापासून सुरुवात करून एकेक पायरी कुकरच्या पोटाकडे जाणं. लोक नेमकं उलटं करतात. आधी स्क्रू काढतात.

हाताशी काय ठेवाल:

- एक लिटरचं माप आणि मोबाईलमधलं घड्याळ
- सुती फडकं, जुना टूथब्रश, दातकोरणं
- मल्टिमीटर असेल तर उत्तम, नसला तरी पहिल्या सात पायऱ्यांत अडत नाही
- खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड आणि कुकरच्या बुडाला किंवा पाठीला चिकटवलेल्या स्टिकरचा स्पष्ट फोटो

स्टिकरचा फोटो आजच काढून ठेवा. वाफेने आणि तेलकट हातांनी त्यावरची अक्षरं पुसट होतात, आणि नेमकी गरज लागते तेव्हा मॉडेल नंबरातला आठ आहे की तीन ते कळत नाही.

१. तो खरंच बिघडलाय का?

आपले कान शिट्टीवर पोसलेले आहेत. तीन शिट्ट्या भाताला, पाच डाळीला. हा कुकर शिट्टी देतच नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यात निम्म्या लोकांना तो बंद पडल्यासारखा वाटतो. बटण दाबल्यावर पडद्यावर बराच वेळ नुसतं 'ऑन' दिसतं. आत दाब भरायला दहा ते वीस मिनिटं लागतात, भांडं भरलेलं किंवा पाणी थंडगार असेल तर आणखी थोडी. दाब भरला की मगच मिनिटांचे आकडे उलटे मोजायला लागतात. म्हणजे 'दहा मिनिटं' लावलेली डाळ हातात यायला पाऊण तास जाऊ शकतो, आणि त्यात बिघाड काही नाही.

दुसरं, यातला दाब गॅसवरच्या कुकरपेक्षा कमी असतो. गॅसवरच्या कुकरात बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १०० किलोपास्कल जास्त दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. इलेक्ट्रिकमध्ये हा जादा दाब बहुधा ७० ते ८० किलोपास्कल, म्हणजे ११५ ते ११७ अंश. तेवढ्या फरकाने राजमा, छोले, न भिजवलेली तूरडाळ जास्त वेळ मागतात. गॅसचा हिशेब इथे चालणार नाही.

आणि कोणतं बटण दाबलंय ते बघा. 'वॉर्म' म्हणजे फक्त गरम ठेवणं, 'स्लो कुक' म्हणजे सहा-आठ तासांचा कारभार, 'डीले स्टार्ट' लावलं तर कुकर सांगितलेल्या वेळेपर्यंत ढिम्म बसतो. माझ्या सासऱ्यांनी एकदा तीन तासांचा डीले लावून खिचडीची वाट पाहिली आहे. दोष कुकरला दिला.

२. स्टिकरवरचे व्होल्ट वाचा

कुकर परदेशातून आलेला असेल तर ही पायरी आधी. अमेरिकेतल्या कुकरवर १२० व्होल्ट लिहिलेलं असतं, आपल्याकडे घरात २३० येतात. पिनला अडॅप्टर लावून तो आपल्या सॉकेटमध्ये बसतो, पण अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. व्होल्टेज जवळपास दुप्पट झालं की कॉइलमधली वीज पावणेचार पटींच्या घरात जाते. माझ्या मावसबहिणीने न्यू जर्सीहून हौसेने आणलेला कुकर इथे जेमतेम काही सेकंद जगला. फट् असा आवाज, जळका वास, खेळ खलास. हजार वॅटला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर घेता येतो, पण ते धूड ओट्यावर मांडण्यापेक्षा इथलाच कुकर घ्या.

उलटा प्रवास फसवा असतो, कारण त्यात काही फुटत नाही. इथला २३० व्होल्टचा, हजार वॅटचा कुकर अमेरिकेत लावला तर तो जेमतेम पावणेतीनशे वॅटवर चालेल. दिवे कदाचित लागतील, भांडं कोमट होईल, भात कधीच होणार नाही. तिकडे शिकायला निघालेल्या मुलांच्या बॅगेत आई जो कुकर भरते, त्याची ही गोष्ट.

३. भिंत, पिन, वायर

हजार वॅटचा कुकर २३० व्होल्टला साधारण साडेचार अँपिअर ओढतो. कागदावर हे साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला झेपतं. पण जुनं, सैल झालेलं सॉकेट असेल तर पिन आत थरथरते, ठिणग्या पडतात, आणि तिथेच उष्णता तयार होते. कुकर दहा मिनिटं चालवा, बटण बंद करा, पिन काढा आणि पिनेच्या प्लास्टिकला हात लावून बघा. चटका बसला तर कुकर बाजूला ठेवून आधी सॉकेट बदलून घ्या. जमेल तर गीझरसाठी असतो तसा पॉवर पॉइंट वापरा. स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड इथे बिलकूल नको.

बऱ्याच कुकरांची वायर मागून काढता येते. ती सहसा नीट आत गेलेली नसते. पुढून ओटा पुसताना कुकर सरकवला की अर्धी बाहेर येते. बटण बंद ठेवून ती काढा, टोकं काळी पडलीत का बघा, आणि जोर लावून पूर्ण आत बसवा. कॉम्प्युटरची वायर तिथे बसते म्हणून ती लावू नका, ती बहुतेक वेळा बारीक असते. इन्व्हर्टरवर तर कुकर लावूच नका. घरगुती इन्व्हर्टर दिवे-पंख्यांसाठी असतो, हजार वॅटचा भार पडला की ओरडतो किंवा बंद पडतो.

राहिलं व्होल्टेज. कुकरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर हजारातले जेमतेम ६१० वॅट उरतात. दिवाळीत गावी कुकर नेला तेव्हा दुपारी बारा वाजता भात छान व्हायचा आणि संध्याकाळी सातला, गावभर दिवे लागले की, रखडायचा. कुकर तोच, तांदूळ तोच. तुमच्याकडेही वेळेनुसार फरक पडत असेल तर कुकर दुरुस्तीला नेण्यात अर्थ नाही.

४. एक लिटर पाणी आणि मीटरचा लाल दिवा

या सगळ्या यादीतली एकच पायरी करायची असेल तर ही करा.

कुकरात आतलं भांडं ठेवा, त्यात मोजून एक लिटर साधं नळाचं पाणी घाला. झाकण लावू नका. 'सॉटे' बटण दाबून आच सगळ्यात जास्त ठेवा आणि वेळ लावा. गणिताप्रमाणे हजार वॅटला एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला सव्वापाच मिनिटं पुरतात, पण भांडं, तवा आणि उघडं तोंड आपला वाटा खातात. माझ्या कुकरला नऊ मिनिटं लागतात. आठ ते दहा मिनिटांत खळखळून उकळलं तर तापण्याचा भाग ठणठणीत आहे. मधल्या पायऱ्या ओलांडून थेट सहाव्या पायरीला, झाकणाकडे जा.

पाणी रखडलं तर मीटरकडे चला. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२०० किंवा १६००. घरातलं फ्रिजसकट सगळं बंद करा, फक्त कुकर चालू ठेवा आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लागतो ते मोजा. ३२०० वाल्या मीटरवर हजार वॅटचा कुकर मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा लावतो, १६०० वाल्यावर २७ वेळा. आमचं मीटर तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत. मुलाला फोन देऊन खाली उभं केलं, वर मी स्पीकर लावून कुकरसमोर. "एकतीस… बत्तीस… आई, थांबला." दहा सेकंद काहीच नाही. "परत सुरू झाला." त्या थांबण्यातच सगळं उत्तर होतं.

मोजलेल्याचा अर्थ असा लावा:

- दिवा एका लयीत, पण कमी वेळा लागतो, ५३ च्या जागी ३३ वगैरे: व्होल्टेज कमी आहे. कुकर निर्दोष.
- चालू-बंद, चालू-बंद, आणि पाणी अजून कोमटच: कुकरला वाटतंय की आपण पुरेसे तापलो. सेन्सर किंवा भांड्याची बैठक बघा, पाचवी पायरी.
- कुकरचे दिवे लागलेत पण मीटर जवळजवळ गप्प: कॉइलपर्यंत वीज पोचत नाही किंवा कॉइलच तुटली आहे. आठवी पायरी.

मीटरला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. सील असतं त्याला.

५. भांड्याचं बूड आणि मधलं बटण

पिन काढा, कुकर थंड होऊ द्या, भांडं बाहेर घ्या. खाली गोल तवा दिसेल आणि त्याच्या मध्यभागी रुपयाच्या नाण्याएवढं, स्प्रिंगवर बसलेलं बटण. तोच तापमानाचा सेन्सर. बोटाने दाबा: खाली जाऊन टुणकन वर आलं पाहिजे. त्याच्या कडेच्या फटीत डाळीचं पाणी वाळून सिमेंट झालेलं असतं. ओलसर फडकं आणि दातकोरण्याने ती फट मोकळी करा. पाणी ओतून धुवायचं नाही.

तवा आणि भांड्याचं बूड यांमध्ये तांदळाचा एक दाणा अडकला तरी भांडं तिरकं बसतं, आणि उष्णता भांड्यात जायच्या ऐवजी तव्यातच साठते. सेन्सर घाबरून वीज तोडतो. म्हणून भांडं आत ठेवण्यापूर्वी त्याचं बूड बाहेरून कोरडं पुसायची सवय लावा. ठेवल्यावर दोन बोटांनी गोल फिरवा: फिरलं पाहिजे, डगमगता कामा नये. पडून पोचा आलेलं भांडं डगमगतं, आणि ते बदलण्यावाचून इलाज नाही. जवळपास त्याच मापाचं घरातलं दुसरं पातेलं आत ठेवून बघू, हा विचार सोडा.

आता सांगायला लाज वाटते ती गोष्ट. पहाटे साडेपाचला, भांडं सिंकमध्ये असताना, मी सरळ कुकरच्या रिकाम्या पोटात दीड कप पाणी ओतलेलं आहे. बटण दाबलेलं नव्हतं म्हणून वाचले. असं झालं तर लगेच बटण बंद करून पिन काढा, कुकर उलटा करून पाणी काढा आणि दोन-तीन दिवस हवेशीर जागी उलटाच वाळू द्या. आत तांदूळ-डाळही गेली असेल, किंवा बटण दाबून झालं असेल, तर न लावता थेट सर्व्हिस सेंटर.

६. झाकण: बहुतेकांचा घोळ इथेच

पाणी वेळेत उकळतं पण डाळ शिजत नाही, म्हणजे वाफ कुठून तरी पळते. दाब भरत असताना वाफ कुठून येते ते बघा, हात लावू नका.

झाकणाच्या कडेने येत असेल तर रिंग. ती झाकणातल्या तारेच्या कड्याखाली पूर्ण गोलाकार बसलेली हवी, बोटाने ढकलली की थोडी सरकली पाहिजे. घासून झाल्यावर एका बाजूने वर राहते, हे नेहमीचं. रोजच्या वापरात वर्ष-दीड वर्षाने ती सैल पडते. जादा एक घरात ठेवा, पण आपल्याच मॉडेलची. "सगळ्या कुकरना बसते" अशी रिंग कुठल्याच कुकरला धड बसत नाही.

छोट्या पिनेच्या भोकातून सतत येत असेल तर फ्लोट व्हॉल्व्हची टोपी, आमची ती सिंकमधली. पिन वर येण्याआधी दोन-चार मिनिटं तिथून थोडी वाफ येणं साहजिक आहे, पण पिन वर आलीच नाही तर झाकण उलटं करून टोपी जागेवर आहे का बघा. आता मी झाकण गाळणीत धरूनच धुते.

वरच्या व्हॉल्व्हमधून येत असेल तर तो 'व्हेंट'वर राहिलाय, 'सील'वर फिरवा. तरी येते? आत डाळीचा फेस अडकलाय. खालची जाळी काढून ब्रशने साफ करा.

आणि पाणी कमी असेल तर वाफ येणारच कुठून? सहा लिटरच्या कुकरला निदान दीड कप पाणी हवं. वरची मर्यादा दोनतृतीयांश, फुगणाऱ्या डाळ-तांदळाला निम्मं.

७. 'बर्न' दाखवून थांबतो तेव्हा

हाही 'तापत नाही'तच मोजला जातो, पण प्रत्यक्षात तळ जास्त तापल्यामुळे कुकर स्वतः थांबलेला असतो. फोडणी त्याच भांड्यात केली, कांदा-खोबऱ्याचं वाटण तळाला चिकटलं, वर डाळ ओतून झाकण लावलं, की झालंच. 'कॅन्सल' करा, वाफ पूर्ण जाऊ द्या, अर्धा कप पाणी घालून लाकडी उलथन्याने तळ खरवडा आणि परत लावा. पुढच्या वेळी फोडणीनंतर आधी पाणी घालून तळ मोकळा करा, टोमॅटो वर ठेवा आणि ढवळू नका. आमटीतला गूळ झाकण काढल्यावर. पिठल्यासाठी कढई आहे.

आकड्या-अक्षरांचा एखादा कोड दिसत असेल तर त्याचा अर्थ तुमच्याच मॉडेलच्या पुस्तिकेत बघा. एका कंपनीचा कोड दुसरीला लागू होत नाही.

८. आता पोटात, पण प्रत्येकाने नाही

वॉरंटी चालू असेल तर इथे थांबा. मल्टिमीटर कधी धरला नसेल तरी थांबा. बाकीच्यांसाठी: पिन काढून अर्धा तास जाऊ द्या, मग बुडाचं झाकण उघडा आणि पहिली गोष्ट म्हणजे फोटो काढा, कुठली वायर कुठे ते लक्षात राहत नाही.

आधी डोळ्यांनी बघा. काळवंडलेलं लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची पट्टी), सुटलेली वायर, आणि झुरळं. हसू नका, ऊबदार कोरडी जागा त्यांना फार आवडते आणि सर्किट बोर्डवर त्यांनी केलेली घाण बोर्ड मारते. मग कॉइलच्या दोन्ही टोकांच्या वायरी सोडवून ओहम मोजा. ५२,९०० ला स्टिकरवरच्या वॅटने भागा, तेवढे ओहम हवेत: हजार वॅटला ५३, नऊशेला ५९. थोडं इकडेतिकडे चालतं. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. कॉइलचं टोक आणि कुकरचं धातूचं अंग यांच्यात मात्र काहीच दाखवता कामा नये. दाखवलं तर शॉकचा धोका आहे, पुढे जाऊ नका.

कॉइलला जाणाऱ्या वायरीत बारीक नळीत दडलेला थर्मल फ्यूज असतो. तो एकदाच उडतो, मग बदलावाच लागतो. नव्यावर तेच अंश आणि तेच अँपिअर छापलेले हवेत. जोडताना सोल्डर करू नका, सोल्डरच्या उष्णतेनेच नवा उडेल. लग दाबून बसवतात.

इथला सगळ्यात घातक सापळा म्हणजे "फ्यूज काढून डायरेक्ट करून देतो, पन्नास रुपयांत" म्हणणारा कारागीर. डायरेक्ट केलेला कुकर चालतो, अगदी छान चालतो. सेन्सर किंवा रिले, म्हणजे कॉइलची वीज चालू-बंद करणारा बोर्डवरचा स्विच, अडकून तो तापतच राहिला, तर त्याला थांबवणारी शेवटची गोष्ट तुम्ही पन्नास रुपये देऊन काढून टाकलेली असते. तसंच तव्याखालच्या दाबाच्या स्विचचा स्क्रू फिरवून "दाब वाढवून देतो" म्हणणाऱ्यालाही नमस्कार करून परत या.

९. सर्व्हिस सेंटरला फोन

बिल, स्टिकरचा फोटो आणि पाण्याच्या परीक्षेचा व्हिडिओ समोर ठेवून फोन करा. तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. वॉरंटी संपली असेल तर आधी खर्च विचारा. बोर्ड आणि मजुरी मिळून नव्या कुकरच्या निम्म्यावर जात असेल तर मी नवा घेईन.

फोनवर नुसतं "तापत नाही" म्हणालात तर "वायर नीट लावा" एवढंच उत्तर मिळतं. गेल्या पावसाळ्यात मी सांगितलं, "एक लिटर पाणी बावीस मिनिटांत उकळलं, मीटर थांबून थांबून लुकलुकतो, भांडं डगमगत नाही, मधलं बटण मोकळं आहे." पलीकडचा माणूस क्षणभर गप्प झाला आणि दुसऱ्या दिवशी येताना खिशात नवा सेन्सर घेऊनच आला.